फादर थॉमस स्टीफन्स : साष्टीतल्या रविवारच्या वर्गाचे गुरुजी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहून द्यायचं असं ठरलं, तेव्हा मी पटकन हो म्हणून बसले आणि मग आठवडाभर काही सुचेना. ऑफिसात मी दिवसभर जे लिहिते ते संगणकाला कळावं म्हणून लिहिते. माणसांना कळेल असं मराठीत सलग लिहून किती वर्षं झाली, ते मोजायचीही लाज वाटते. शेवटी विषय मिळाला तो आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

मराठी भाषा दिनाला आपल्यापैकी एकाने फादर स्टीफन्स यांच्याबद्दल मजकूर टाकला होता. एका इंग्रज पाद्रीने चारशे वर्षांपूर्वी मराठीची किती गोड स्तुती केली, असा. लगेच दुसऱ्याने लिहिलं की हा माणूस मराठी शिकला तो लोकांना बाटवायला, त्याचं कौतुक कसलं करता? दोन दिवस जुंपली. मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो आला आणि विषय मिटला. मी त्या वादात एक अक्षर लिहिलं नाही. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्याला कारणही होतं. गेली दोन वर्षं आमच्या धर्मग्रामात दर रविवारी संध्याकाळी मोठ्यांचा अभ्यास गट भरतो आणि तो चालवायचं काम माझ्याकडे आलं आहे. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडून आम्ही बाराएक जण बसतो. निवृत्त बँक कर्मचारी, एक नर्स, टेम्पो चालवणारा एक जण, फुलांची वाडी असलेल्या दोघी जावा आणि सत्तरी ओलांडलेली एक मावशी. लहानपणी आम्ही सगळ्यांनी धर्मशिक्षण पाठ करून घेतलं होतं. प्रश्नही छापलेले आणि उत्तरंही छापलेली. पन्नाशीला येईपर्यंत प्रत्येकाकडे न छापलेले प्रश्न बरेच साठले होते, म्हणून हा गट. गेल्या वर्षी आम्ही फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण वाचायला घेतलं, आणि तिसऱ्याच रविवारी मावशीने विचारलं की हे लिहिलं तेव्हा तिथली देवळं पाडली होती, हे खरं का? मला नीट उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी सांगते म्हटलं आणि वाचायला लागले. ते वाचलेलं इथे मांडते आहे. नववीत आपल्याला बाईंनी या माणसाचं नाव पहिल्यांदा सांगितलं होतं आणि आपण मागच्या बाकावर हसलो होतो. हा लेख म्हणजे त्या हसण्याची उशिरा केलेली भरपाई समजा.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमाराचा. दक्षिण इंग्लंडमधल्या विल्टशरमधलं बुश्टन हे त्यांचं गाव. वडील व्यापारी होते. तो काळ इंग्लंडमध्ये धर्मावरून माणसं तुरुंगात जायचा होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात देशाचं अधिकृत चर्च रोमपासून वेगळं झालेलं होतं आणि कॅथलिक म्हणून उघड जगणं धोक्याचं होतं. तरुण थॉमसचा एक मित्र होता, टॉमस पाउंड नावाचा, श्रीमंत घरातला आणि कट्टर कॅथलिक. दोघं मिळून गावोगाव फिरत आणि लपून राहिलेल्या कॅथलिकांना धीर देत. पाउंड मालकाच्या वेशात आणि थॉमस त्याच्या नोकराच्या वेशात. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात दाखल व्हायचं ठरवलं होतं. पण निघण्याआधीच पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षं त्याने वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. थॉमस एकटाच रोमला पोहोचला आणि १५७५च्या ऑक्टोबरमध्ये येशूसंघात दाखल झाला.

हा तपशील मी गटात मुद्दाम सांगितला. राजसत्ता धर्म ठरवायला लागली की साध्या माणसाचं काय होतं, हे या माणसाने स्वतःच्या देशात, स्वतःच्या मित्राच्या बाबतीत पाहिलं होतं. पुढे तो जिथे आला तिथेही राजसत्ताच धर्म ठरवत होती. फरक एवढाच की इथे सत्ता त्याच्या बाजूची होती.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा पोर्तुगीज काफिला लिस्बनहून निघाला, त्यात स्टीफन्स होते. आफ्रिकेला वळसा घालून ते २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. मी मोजले, २०३ दिवस. गोव्यात उतरल्यावर जेमतेम दोन आठवड्यांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात समुद्रातले वारे, होकायंत्राच्या सुईचं वागणं, जमीन जवळ आल्याची खूण देणारे पक्षी, सगळं बारकाईने टिपलं आहे. ताज्या अन्नावाचून खलाशांच्या हिरड्या कशा सुजत आणि अंग कसं फुगत असे, तेही आहे. दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. एवढ्या मोठ्या प्रवासाच्या मानाने हा आकडा त्यांना कमीच वाटला होता. भारतात येऊन राहिलेला, नाव माहीत असलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांच्याकडे बोट दाखवतात. त्यांचं ते पत्र १५८९मध्ये हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं गेलं आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचलं. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६००मध्ये. मुलाने वडिलांना लिहिलेल्या खुशालीच्या पत्रातून पुढे किती धागे निघावेत!

गोव्यात दीक्षा झाल्यावर त्यांची नेमणूक साष्टीत झाली. आपण वसईची माणसं साष्टी म्हटलं की खाडीपलीकडची, ठाणे-मुंबईची साष्टी समजतो. ही साष्टी वेगळी. मडगाव, रायतूर, वेर्णे, कुंकळ्ळी, असोळणा ही गावं असलेला दक्षिण गोव्यातला भाग. पोर्तुगीजांनी गोवा बेट घेतलं १५१०मध्ये, पण साष्टी आणि बार्देश हे भाग त्यांच्या ताब्यात आले १५४३मध्ये. साष्टीत ख्रिस्ती धर्म पसरवण्याचं काम येशूसंघाकडे सोपवलं गेलं. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. १५६७ हे वर्ष साष्टीच्या देवळांच्या पाडापाडीचं. त्याच वर्षी गोव्यातल्या धर्मसभेने हिंदूंच्या पूजा, सण आणि ग्रंथांवर कडक बंधनं घालण्याचे ठराव केले.

तुम्हाला आपली दहावीची गोव्याची सहल आठवते का? सकाळी जुन्या गोव्याची चर्चं पाहिली आणि दुपारी मंगेशीच्या देवळात प्रसाद घेतला. सरांनी घाई केली म्हणून अर्ध्या जणींच्या चपला शोधायच्या राहिल्या. सकाळच्या आणि दुपारच्या जागांचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही. मंगेशी मूळचा साष्टीतल्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळशीची. म्हाळसा वेर्ण्याची. भक्तांनी आपापले देव उचलले आणि नदीपलीकडे, तेव्हा आदिलशहाच्या ताब्यात असलेल्या फोंड्याकडे नेले. म्हणजे मावशीच्या प्रश्नाचं उत्तर, हो, खरं आहे. स्टीफन्स साष्टीत आले तेव्हा त्या घटनेला जेमतेम बारा-तेरा वर्षं झाली होती. त्यांच्या समोर बसणाऱ्या मोठ्या माणसांनी ती देवळं उभी असताना पाहिलेली होती.

त्या जखमा ताज्या होत्या हे १५८३मध्ये दिसलं. २५ जुलैला पाच येशूसंघीय आणि त्यांचे सोबती चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीला गेले. त्यांच्यात अकबराच्या दरबारात राहून आलेले रुदोल्फो अक्वाविवाही होते. देवळं गमावलेल्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि ते मारले गेले. प्रेतं मिळवून रायतूरला आणण्याच्या कामात स्टीफन्स होते. पोर्तुगीजांनी सूड घेतला तो वाटाघाटीसाठी म्हणून कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून. बोलावलेले ठार झाले. आज कुंकळ्ळीत दोन्ही बाजूंच्या मृतांची स्मारकं आहेत. गटात हे वाचलं त्या रविवारी कुणी फारसं बोललं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपला भाऊ रिचर्ड याला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. त्यात या हत्याकांडाबद्दल आहे. आणि त्याच पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, अशी नोंदही आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं नातं विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडलं १७८६मध्ये, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. सहकाऱ्यांची प्रेतं पुरून काही महिने झालेला माणूस मारणाऱ्यांच्या भाषेकडे इतक्या कुतूहलाने बघतो, याचं मला नवल वाटतं.

वर्षाअखेरीस आणखी एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबरी आणि त्यांच्या दोन साथीदारांना पोर्तुगीजांनी होर्मुझला पकडून कैदी म्हणून गोव्यात आणलं. इंग्रज म्हणजे हेर, असा संशय. त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी खटपट केली ती स्टीफन्स यांनी. त्यांच्यापैकी तिघं पुढे पळून गेले आणि फिच तर अकबराचं राज्य, बंगाल, ब्रह्मदेश फिरून १५९१मध्ये लंडनला परतला. स्टीफन्स मात्र परत गेले नाहीत. गोव्यात उतरले तेव्हा ते तिशीचे होते. पुढची चाळीस वर्षं त्यांनी याच भागात, बहुतेक सगळी साष्टीत काढली. कधी धर्मग्रामात, कधी रायतूरच्या कॉलेजात.

या काळात ते लोकांची बोली कोंकणी शिकले आणि मराठीही शिकले. त्या वेळच्या गोव्यात घरात आणि बाजारात कोंकणी, पण कीर्तन, पुराण आणि पोथी मराठीत, अशी वाटणी होती. शिकले म्हणजे कामापुरतं नव्हे. ओवी कशी चालते, पुराण कसं सुरू होतं, श्रोत्याला कसं धरून ठेवतं, हे सगळं त्यांनी आत्मसात केलं. एकनाथ महाराज त्यांचे समकालीन. १५९९मध्ये महाराजांनी देह ठेवला, तेव्हा स्टीफन्स यांना गोव्यात वीस वर्षं झाली होती. एकीकडे इथल्या ग्रंथांवर बंदी आणि दुसरीकडे त्याच ग्रंथांचा अभ्यास, असं तेव्हा चाललं होतं. येशूसंघीयांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातल्या कथांची बाडं आजही पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत.

आता रविवारच्या त्या वर्गाकडे येते. तो प्रसंग स्टीफन्स यांनी स्वतःच पुराणाच्या सुरुवातीला सांगितला आहे. साष्टीतल्या एका चर्चमध्ये रविवारी धर्मशिक्षण चाललं होतं. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींकडे आला. त्याचं म्हणणं असं की तुम्ही शिकवता ते ठीक आहे, पण आमची पुराणं तुम्ही बंद केलीत आणि त्यांच्या जागी वाचायला काहीच दिलं नाहीत. मग वेळ घालवायला, मन रमवायला आम्ही वाचायचं काय?

आमच्या गटात या जागी आम्ही बराच वेळ थांबलो. या माणसाचं नाव स्टीफन्स देत नाहीत. तो खरोखर एकच माणूस होता की अनेकांचं म्हणणं त्यांनी एकाच्या तोंडी घातलं, हेही कळायला मार्ग नाही. पण प्रश्न खरा आहे. तो धर्मशिक्षणाच्या पुस्तकात छापलेला प्रश्न नाही. ज्याच्या घरातली पोथी गेली आहे अशा प्रौढ माणसाचा तो प्रश्न आहे आणि त्यात तक्रारही आहे. त्याला गप्प बसवणं सोपं होतं. त्या काळात तर फारच सोपं. स्टीफन्स यांनी त्याची तक्रार लिहून ठेवली, पुस्तकात अगदी पुढे ठेवली आणि तिला उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. अभ्यासकांनी मोजलेला आकडा १०,९६२ आहे. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा. दुसऱ्यात ५९, त्यांत येशूचं चरित्र. देवाच्या निवासाला ते वैकुंठ म्हणतात. येशूला स्वामी म्हणतात. मधूनमधून श्रोता शंका विचारतो आणि गुरू थांबून तिचं निरसन करतात. आमच्या गोल मांडलेल्या खुर्च्यांचा गट आणि हे पुस्तक, दोन्हींची चाल एकच आहे, हे मला तेव्हा जाणवलं.

भाषा त्यांनी मराठीच घेतली, पण सामान्य माणसाला सोपं जावं म्हणून त्यात कोंकणी शब्द मिसळले, असं त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे. मराठीची जी स्तुती आपण दरवर्षी फिरवतो ती याच पुराणात आहे. तिच्यात रत्न, फूल, सुगंध आणि पक्षी यांच्या उपमा एकामागून एक येतात आणि त्या सगळ्या आपल्या मातीतल्या आहेत. विल्टशरच्या माणसाला त्या सुचल्या, कारण तोवर तो जवळपास इथलाच झाला होता. पण हेही सांगायला हवं की त्याच पुराणात मूर्तिपूजेवर कडक टीका आहे. ती वाचताना आपल्या वर्गातल्या माझ्या कितीतरी मैत्रिणींना वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. स्तुतीचं पान फिरवायचं आणि ते पान झाकायचं, हे मला योग्य वाटत नाही.

आता जरा माझ्या धंद्यातली गोष्ट. हे मराठी पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. स्टीफन्स यांना तसं नको होतं. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोममधल्या संघप्रमुखांना पत्र लिहून इथल्या लिपीत पुस्तकं छापायची परवानगी मागितली. मलबारकडे तमिळ लिपीत ख्रिस्ती पुस्तक १५७८मध्येच छापून झालं होतं, मग आपल्याकडे का नको? अडचण त्यांनी नेमकी मांडली होती. युरोपच्या लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात. इथली लिपी अक्षरांना काना-मात्रा आणि जोडाक्षरं लावून चालते, म्हणून सुमारे ६०० साचे पाडावे लागतील असं सगळे म्हणतात. त्यांचा हिशोब असा होता की नीट विचार केला तर ही संख्या बरीच खाली आणता येईल. हे वाचताना मी खुर्चीत ताठ बसले. मराठी फॉन्टच्या कामात मी स्वतः एकेकाळी वर्षभर याच गणिताशी झुंजले आहे. प्रत्येक जोडाक्षराचं वेगळं चित्र ठेवायचं, की तुकडे ठेवून ते नियमाने जोडायचे? चारशे वर्षांपूर्वी साठीला आलेला एक पाद्री कंदिलाच्या उजेडात तेच गणित मांडत होता.

त्यांच्या हयातीत ते खिळे पाडले गेले नाहीत. म्हणून त्यांनी रोमन अक्षरांवरच भागवलं. ट, ड, ण, ळ यांच्यासाठी रोमन अक्षर दुहेरी लिहायचं, श साठी एक्स वापरायचा, अशी व्यवस्था बसवली. जुन्या मोबाइलवर आपण रोमन अक्षरांत मराठी निरोप पाठवायचो, त्यापेक्षा ही पद्धत पुष्कळच शिस्तशीर आहे. १६१६मध्ये रायतूरच्या छापखान्यात ख्रिस्तपुराण छापलं गेलं. स्टीफन्स तेव्हा सदुसष्टच्या आसपास होते. चर्चमध्ये धर्मशिक्षणाच्या वेळी ते मोठ्याने वाचलं जाऊ लागलं. १६१९मध्ये गोव्यातच त्यांचा मृत्यू झाला.

मागे राहिलेली कामं हळूहळू बाहेर आली. त्यांचं कोंकणीतलं धर्मशिक्षणाचं पुस्तक १६२२मध्ये रायतूरला छापलं गेलं. कोंकणीचं त्यांनी लिहिलेलं व्याकरण इतरांनी भर घालून १६४०मध्ये छापलं आणि ते कोंकणीचं पहिलं छापील व्याकरण ठरलं. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४मध्ये निघाल्या. मग वारं फिरलं. १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. स्टीफन्स यांनी ज्या भाषेत उत्तर दिलं होतं, ती भाषाच नको झाली. पुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज जगात कुठे सापडत नाही.

पुस्तक वाचलं ते हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूरच्या भागात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या प्रती पिढ्यान्पिढ्या जपल्या आणि घरात, समारंभांत वाचल्या. तिथेच जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितं ताडून १९०७मध्ये पुराण पुन्हा छापलं, रोमन लिपीतच. पुढे लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे असं जस्टिन अ‍ॅबट यांनी उजेडात आणलं. ते मूळ देवनागरीतलं की रोमनवरून उतरवलेलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १९५६मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत छापील आवृत्ती काढली, म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी. २००९मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांची, सोप्या मराठी गद्यासह आवृत्ती आली. आमच्या गटात आम्ही तीच वापरतो.

तर ग्रुपवरच्या वादाचं उत्तर. स्टीफन्स धर्मप्रसारासाठी आले होते का? हो, आयुष्यभर त्यांनी तेच केलं आणि ते कधी लपवलं नाही. ज्या सत्तेच्या आसऱ्याने ते राहिले, तिने देवळं पाडली आणि पोथ्या बंद केल्या का? हो. त्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला अशी नोंद मला सापडली नाही. आणि त्यांचं मराठीवरचं प्रेम खरं होतं का? माझ्या मते तेही हो. अकरा हजार ओव्या नुसत्या हिशोबाने लिहून होत नाहीत. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. यांतली एक उचलून दोन सोडून द्यायला मी तयार नाही. ग्रुपवर दोन्ही बाजूंनी तेच चाललं होतं.

मावशीला मी पुढच्या रविवारी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं की त्या नाव नसलेल्या माणसाला शेवटी आपली पोथी परत मिळाली का? मी म्हटलं, त्याची नाही मिळाली, दुसरी मिळाली. तिने मान हलवली आणि पुढचं वाचायला सांगितलं. आमच्या गटातल्या कुणीच अजून या प्रश्नाचा निकाल लावलेला नाही. आम्ही दुसऱ्या पुराणाच्या मध्यावर आहोत.

बाई आणि सर, तुम्ही हे वाचाल तेव्हा एक गोष्ट लक्षात येईल. आपल्या वर्गात एका बाकावर ख्रिस्ती मुलगी आणि हिंदू मुलगी शेजारी बसायच्या आणि असले प्रश्न आम्ही एकमेकींना कधी विचारले नाहीत. भीती नव्हती, पण सवयही नव्हती. नववीत बाईंनी फादर स्टीफन्सचं नाव घेतलं, त्या दिवशी तास संपायला पाच मिनिटं होती, आणि बाईंनी कुणाला काही विचारायचं आहे का असं विचारलं होतं. कुणीच हात वर केला नाही. संमेलनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तासभर मोकळा आहे असं कार्यक्रमपत्रिकेवर दिसतंय. पिंपळाच्या पारावर मी ख्रिस्तपुराणाची प्रत घेऊन बसणार आहे. ग्रुपवर भांडलेल्या दोघांनी नक्की यावं, आणि शक्य असेल तर बाईंनीही.

— दहावी ‘ब’, बॅच १९९६